मथुराबाईला कोणी विचारलंच नाही

मथुराबाईच्या छातीत गाठ आली तेव्हा कपाशीची वेचणी चालू होती. गाठ दुखत नव्हती, म्हणून तिने ती लपवली. वाढू लागली तेव्हा नवऱ्याला, श्रावणला सांगितले.

श्रावण आणि मुलगा भीमराज तिला पुसदजवळच्या खेड्यातून यवतमाळच्या दवाखान्यात घेऊन गेले. भीमराज शाळामास्तर. पाच वर्षांपूर्वी घराने बौद्ध धम्म स्वीकारला, तेव्हापासून समतेवर तो सभांतून तळमळीने बोले. डॉक्टरांनी मथुराबाईला तपासले, बाहेर बसवले आणि दोघा पुरुषांना आत बोलावले.

"कर्करोग आहे. स्तन काढावा लागेल. आत्ताच केलं तर बाई वाचू शकेल."

परतीच्या वाटेवर तिच्या कानाआड बापलेकांनी ठरवून टाकले: ऑपरेशन नाही, आणि तिला सांगायचेही नाही. उन्हाळ्यात लेक नलूचे लग्न होते. मायला असला रोग आहे हे कळले तर सोयरे फिरतील! आणि अंग कापलेली बाई चारचौघांत वावरेल कशी?

"डाक्टर काय म्हने?" मथुराबाईने विचारले.

"काही नाही माय, वाताची गाठ हाय. लेपानं जिरून जाईन," भीमराज म्हणाला.

मुलगा शिकलेला. तिने विश्वास ठेवला. हात वर उचलेना, तरी लेकीच्या लग्नाचे दळण तिनेच दळले. लग्न थाटात झाले. पावसाळ्यात गाठ फुटली. घरात वास सुटला, येणारेजाणारे नाकाला पदर लावू लागले. मग तिची खाट बकऱ्यांच्या गोठ्यात गेली. ताट दारातूनच आत सरकवले जाई.

नलू माहेरी आली आणि मायला पाहून थिजलीच. बापाचे न ऐकता तिने मायला यवतमाळच्या एस.टी.त बसवले. भीमराज मागोमाग गेला.

डॉक्टर संतापले. "गेल्या वर्षीच ऑपरेशन सांगितलं होतं! आता आणता?"

मथुराबाई दचकली. "कोनाले सांगतलं होतं?"

"तुमच्या माणसांना."

"मी भायेरच बसून होती ना, साहेब. जीव तं माहा होता!"

डॉक्टरांनी भीमराजकडे पाहिले.

"नलूच्या लग्नापायी केलं, माय," भीमराज पुटपुटला.

"माह्या नावावर घालू नको, दादा!" नलू कडाडली. "मले इचारलं होतं काय? मायचा जीव घेऊन झालेलं लगन मले पायजे होतं काय? सभेत मानसाची किंमत सांगतं, अन् घरातली बाई मानूस नाही? तिच्यासंगं राहा, तिले धीर द्या, पन तिचं दुखनं तिले सांगा तं खरं!"

मथुराबाईने डॉक्टरांना विचारले, "आता काय होते?"

"दुखणं थोडं कमी करता येईल. बाकी उशीर झाला."

पहिल्यांदाच कोणी तिला खरे सांगितले, आणि ते हे होते!

"मंग मले घरी न्या," ती म्हणाली. "बकऱ्यांत नाही. घरात."

भीमराजने तिला उचलून घरात आणले. रोज जखम धुऊ लागला. एकदा तो ढसाढसा रडला, "माय, माफ कर."

"तू रडून राह्यला, तं मलेच तुले समजवा लागते," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "जाय. नलूले धाड."

थंडी पडायच्या आधी ती गेली. जमलेल्या माणसांपुढे भीमराज उभा राहिला. "माय रोगानं गेली म्हनू नका. वाचायची वाट होती. ती आमी दोघांनी तिच्यापासून लपवली." श्रावणने मान वर केली नाही.

बंधुभगिनींनो, आजारी बाईच्या पाठीशी घर उभे राहिलेच पाहिजे. पण ज्या देहावर सुरी चालायची, त्या देहाच्या मालकिणीचा होकार-नकार सर्वांत आधी ऐका. तिच्यासाठी म्हणून तिच्यापासून लपवलेले सत्य तिचाच जीव घेते!