चौदा तासांचं अंतर

माणसांशी माझं कधीच पटलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. विमानात खुर्चीच्या पाठीत बसवलेला मी एक पडदा. आपण कुठवर आलो, किती अंतर उरलं, किती वेळ लागेल, हे दाखवणं माझं खरं काम. सिनेमे, गाणी हा जोडधंदा.

मला घडवणारी माणसं हातमोजे घालून मला उचलायची. वाटलं, सगळी माणसं अशीच असतील. पहिल्याच उड्डाणात माझ्या अंगावर टोमॅटोचा रस उडाला! मग तेलकट बोटं, पोरांचं चाटणं, कडेला चिकटवलेलं च्युइंगगम. "अजून नऊ तास?" असं म्हणत लोक माझ्यावर डोळे वटारतात, जणू पृथ्वी मीच ताणून ठेवलीय.

एकदा एक म्हातारी माझ्यासमोर येऊन बसली. शेजारी तिचा मुलगा. तिचा नवरा महिन्यापूर्वी गेला होता आणि मुलगा तिला कायमचं आपल्याकडे न्यायला आला होता. दोघांची धुसफूस विमान हलायच्या आधीपासूनच चालू होती.

"पट्टा नीट लाव."

"लावलाय. आंधळी नाहीये मी."

तिचं मन रमावं म्हणून त्यानेच माझ्यावर नकाशा उघडला. "हे बघ, इथून निघालो, तिथे पोचायचं. बारा हजार किलोमीटर. चौदा तास."

म्हातारीने चष्मा चढवला. "चौदाच?"

"चौदाच काय, आई! कंबर मोडते माणसाची."

"मला वाटायचं, तीन-चार दिवस लागत असतील."

"कोणी सांगितलं तुला?"

"तूच. बाबा दवाखान्यात होते तेव्हा. 'फार लांब आहे गं, असं उठून येता येत नाही.' आठवडाभर ते दाराकडे बघत होते. मी म्हणायचे, निघालाय तो, वाटेत आहे."

"रजा मिळत नव्हती. इथे तमाशा नको."

"सकाळी निघाला असतास, तर रात्री त्यांच्या उशाशी असतास."

त्याने मला बंद करायला बोट दाबलं. मी बंद होईना. मग त्याने मूठच हाणली. माझ्या काचेला तडा गेला आणि पुढच्या खुर्चीतला माणूस ओरडला, "अहो, डोकं फोडता का माझं?"

एअर होस्टेस धावत आली. म्हातारी तिला म्हणाली, "बाळा, दुसरीकडे कुठे जागा आहे का गं?"

शेवटच्या रांगेत, शौचालयाला लागून एक होती. म्हातारीने पर्स उचलली.

"आई, लोक बघतायत."

"बघू देत. मी मागेच आहे. यायला फार वेळ लागायचा नाही."

ती गेली. तो दोनदा उठला, दोनदा खाली बसला. जेवण आलं, तसंच परत गेलं. तडकलेल्या काचेतून मी उरलेलं अंतर दाखवत राहिलो आणि तो ते बघत राहिला. विमान जमिनीला टेकलं, तरी तो मागे गेला नव्हता.

नंतर मला उखडून काढलं. आता मोडक्या पडद्यांच्या ढिगात पडून आहे. उद्या-परवा माझा चुरा होईल. माझ्या जागी नवा बसवलाय. त्याच्यावर मूठ उगारू नका. आणि कुणी दाराकडे डोळे लावून पडलं असेल, तर अंतर विचारत बसू नका. निघा.