घड्याळ होता होता

मित्रांनो, माझा आवाज थरथरतो आहे, हसू नका. मी एक जुनी रॉकची रेकॉर्ड आहे. इंग्रजी गाणी पोटात घेऊन जन्मले, पण सारं आयुष्य बडोद्यात जयवंतरावांच्या घरी गेलं, म्हणून मराठी मला चांगली कळते. गुजराती मात्र कच्चीच राहिली. त्या कच्चेपणानं गेल्या महिन्यात माझा जीवच जायचा होता.

जयवंतरावांनी मला कॉलेजात असताना घेतलं. तेव्हापासून येईल त्याला ते सांगत, अशी रेकॉर्ड पुन्हा होणे नाही. पाहुणे माना डोलवत, माझं कव्हर हातोहाती फिरे, चहा होई आणि मी न वाजताच कपाटात परत जाई. खरं सांगू? मला ते बरंच वाटे. माझ्या दुसऱ्या बाजूला एकच लांबलचक गाणं आहे आणि त्यात ड्रम सुरू झाला की थांबायचं नाव घेत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची!

त्या दुपारी जयवंतरावांच्या नातीची, कौमुदीची, मैत्रीण मिताली घरी आली. ही मुलगी जुन्या रेकॉर्डींची भिंतीवरची घड्याळं करते. मधल्या भोकात यंत्र बसवायचं, कडेनं आकडे चिकटवायचे, झालं. मला पाहून म्हणाली, हिचं झकास घड्याळ होईल. जयवंतराव चिडले. तेव्हा कौमुदीनं तोड काढली, की आज हिला पूर्ण ऐकू. नावाप्रमाणे निघाली तर राहील, नाहीतर मितालीची. आणि आजोबांनी तावातावात हो म्हटलं! माझ्या तर काळजाचं पाणी पाणी झालं.

पहिली बाजू लागली. तिसऱ्या गाण्यात गायकाचा आवाज नुसत्या गिटारीबरोबर येतो, तिथं कौमुदीनं हातातला फोन खाली ठेवला. मग दुसरी बाजू. ड्रम सुरू झाला. मितालीला जांभया येऊ लागल्या. जयवंतराव गुडघ्यावर ताल धरून होते, हळूहळू त्यांचंही बोट थांबलं.

"आजोबा, हिचं अर्धं नाव फुकटचं आहे," कौमुदी म्हणाली.

"आहे खरं," ते खाली बघत म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कौमुदीनं मला उचलून मितालीच्या हातात दिलं. या दोघी आपापसांत गुजरातीच बोलतात. कौमुदी तिला म्हणाली, "मूकी दे."

मुकी! दे! म्हणजे ही आता मुकी झाली, देऊन टाक? माझ्या पोटात घड्याळाचे काटे फिरू लागले. जयवंतरावांना हाक मारावी म्हटलं, तर सुईशिवाय मला बोलता कुठं येतं?

मितालीनं मला उलटवलं आणि सुई टेकवली. तिसरं गाणं सुरू झालं. अहो, गुजरातीत 'मूकी दे' म्हणजे 'ठेव', आणि रेकॉर्ड असली की 'लाव'! कौमुदीला तेवढंच गाणं पुन्हा ऐकायचं होतं. जयवंतरावांनी डोळे मिटून घेतले होते.

घड्याळाचा विषय मग कुणी काढला नाही, आता कौमुदी मला अधूनमधून लावते. ड्रम आला की सरळ सुई उचलते, त्याचा मला राग येत नाही. मिताली दारात दिसली की मात्र अजून धडकी भरते. मित्रांनो, न ऐकता माझी वाहवा करू नका. अर्ध्या नावावर मी सुखानं जगेन, पण न ऐकता मला मुकीही करू नका.