सरांची नोंद नसते

“मामा, परत कशाला आलात? जबाब झाला ना तुमचा?” इन्स्पेक्टरने विचारलं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेचे शिपाई मामा खुर्चीच्या कडेला टेकले आणि लगेच उठले. चार दिवस त्यांना बसवत नव्हतं की घास गिळवत नव्हता. बाहेर बाकावर, खुनाच्या संशयावरून अटकेत असलेल्या मुलीची आई बसली होती. तिच्यासमोरून येताना मामांनी मान वर केली नव्हती.

शुक्रवारी सकाळी प्रयोगशाळेचं कुलूप तोडलं, तेव्हा आत तरुण प्राध्यापक डोकं फुटून मरून पडलेले. किल्ली बेपत्ता. किल्ल्यांच्या वहीत आदल्या दिवशीची एकच नोंद, शेवटच्या वर्षाच्या या मुलीची: दोन वाजता नेली. ‘परत’चा रकाना कोरा. त्यात मार्कांवरून तिचं त्याच प्राध्यापकांशी कडाक्याचं भांडण झालेलं. मग काय, पोलिसांना आयतंच सावज मिळालं!

“साहेब, पोरीने चार वाजता किल्ली माझ्या हातात दिली होती.”

“मग वहीत का नाही?”

“परतीच्या वेळा मी दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना लिहितो. अंदाजाने. त्या दिवशी तुम्ही वही आधीच उचललीत.”

“आणि मी विचारलं, तेव्हा छातीठोक सांगितलंत, मिनिटाला मिनिट लिहितो म्हणून!”

“खोटं बोललो.” चौतीस वर्षं ज्या वहीचा तोरा मिरवला, तिची लक्तरं आज त्यांनी स्वतःच वेशीला टांगली.

“चारनंतर किल्ली कुठे गेली?”

“साडेचारला विभागप्रमुख सर घेऊन गेले. पाच मिनिटांत आणतो म्हणाले, ती परत आलीच नाही. सरांची नोंद नसते साहेब. सरांना सही करा म्हणायची आमची काय टाप? नोंद फक्त पोरांची.”

इन्स्पेक्टरचं पेन थांबलं. “हे त्यांना माहीत होतं?”

“चांगलंच. दुसऱ्या दिवशी खांद्यावर हात ठेवून म्हणाले, मामा, मी काही किल्ली नेली नव्हती, आठवतंय ना? तीन महिन्यांत निवृत्त व्हायचंय तुम्हाला.”

“आणि तुम्ही?”

“मी मान हलवली. माझ्या तोंडाला काय कुलूप लागलं होतं, देव जाणे!”

दुपारी विभागप्रमुखांच्या गाडीत, सीटखाली, किल्ली सापडली. संध्याकाळी त्यांना पकडून आणलं. मामा तोवर आवारातच येरझाऱ्या घालत होते. घरी जा म्हणून हवालदाराने दोनदा सांगून पाहिलं.

मुलगी बाहेर आली. चार दिवसांत चेहरा पार उतरला होता पोरीचा. आईने तिला कवटाळलं, मग मामांकडे वळून हात जोडले. त्या जोडलेल्या हातांनी मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“नको बाई, पाया पडतो,” ते पुटपुटले.

मुलगी जवळ आली. “मामा, तुमच्याच हातात दिली होती ना मी किल्ली? मी सगळ्यांना तेच ओरडून सांगत होते. म्हटलं, मामांना विचारा.”

“भ्यालो गं,” मामा म्हणाले.

ती मग आईचा हात धरून पायऱ्या उतरली. मामाही निघाले. वाट एकच होती, पण मायलेकींच्या बरोबरीने चालायची हिंमत त्यांना झाली नाही. ते वीस-पंचवीस पावलं मागूनच चालत राहिले.