गोजरा मसाल्याची हंडी

आमच्या महाप्याच्या मसाल्याच्या कारखान्यात रोज दुपारी एक हंडी शिजायची. सकाळी जो घाणा दळून झाला असेल त्याच मसाल्यात बोंबील, नाहीतर कोलंबी, आणि काहीच मिळालं नाही तर बटाटे. सगळे तेच जेवायचे. पहिला घास माझा धाकटा भाऊ प्रीतम घ्यायचा आणि नुसतं 'हो' किंवा 'नाय' म्हणायचा. हो म्हणाला की माल पाकिटात, नाय म्हणाला की तो घाणा बाजूला आणि नवी भाजणी सुरू. आमची आई गोजरा, जिच्या नावाने कंपनी आहे, ती सारसोळे गावातल्या आमच्या अंगणात मसाला कुटून विकायची तेव्हापासूनची ही रीत.

मग ऋषी आला. ऋषी म्हणजे सल्लागार. कडक इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं आणि प्रत्येक वाक्याच्या आधी 'जनरली'. मुलगा वाईट नव्हता, हे आधीच सांगते. पहिल्याच वर्षी त्याने आमचा माल गोव्यापर्यंत पोचवला, तेव्हा मीच त्याला घरी बोलावून सुरमई खाऊ घातली होती. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, असं म्हणतात. पण इथे ओसरी देणारा प्रीतमच, आणि पाय पसरायला सतरंजी अंथरणाराही तोच.

पाकिटाचा रंग ऋषीला विचारून. कामगारांना दिवाळीला डबा द्यायचा की चादर, ऋषीला विचारून. कोणता पुरवठादार मिरच्या देणार हे ठरवायला ऋषीने आणखी एक सल्लागार आणला, आणि त्या सल्लागाराचं काम नीट चाललंय का हे बघायला तिसरा. एकदा तर गोदामात पंखा कुठे लावायचा म्हणून प्रीतम फोन कानाला लावून उभा होता आणि इलेक्ट्रिशियन शिडीवर ताटकळत होता.

शेवटी ऋषीची नजर हंडीवर गेली. "जनरली सर, सगळी कंपनी एका माणसाच्या जिभेवर उभी आहे. हा फार मोठा धोका आहे." प्रीतमला ते पटलं. हंडी बंद झाली, चव बघायचं काम पुण्याच्या एका प्रयोगशाळेकडे गेलं आणि आमचं ऑफिस मसाल्याच्या धुळीपासून लांब, काचेच्या इमारतीत हललं. मी कंपनीत अर्ध्या हिश्शाची भागीदार. खूप भांडले.

"ताय, तू इमोशनल होतंस," प्रीतम म्हणाला.

"आनि तू काय होतंस? तुला शिंक आली तरी ऋषीला विचारशील, शिंकू का म्हनून!"

तो हसला, पण हंडी काही परत आली नाही.

आणि मग माझ्या लेकीची, मैत्रीची, हळद आली. आमच्याकडे हळद म्हणजे सगळा गाव जेवायला. आणि सारसोळ्यात कुणाच्याही हळदीचं मटण गोजरा मसाल्याशिवाय शिजत नाही. मग गोजराच्या नातीच्या हळदीला किती डोळे त्या टोपाकडे लागले असतील, तुम्हीच विचार करा. माझा जीव सकाळपासून त्या टोपातच होता.

दुपारी मांडवात धवलारीण लग्नाची गाणी गात होती, बाया मैत्रीभोवती जमल्या होत्या. मांडवामागे आचारी धर्मामामाने मसाल्याचं पोतं उघडलं, वास घेतला आणि हात तसाच थांबवला.

"प्रीतम, ह्यो मसाला जरा येगला वाटतो. घालू का नको?"

प्रीतमने खिशातून फोन काढला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ऋषीने फोन उचलला. आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. "जनरली सर, घाईत निर्णय नको. सॅम्पल पाठवा, आपण पुढच्या आठवड्यात पॅनेल बसवू."

"अरे बाला, मटान आत्ता शिजतंय!" धर्मामामा फोनवरच ओरडला.

टोपाभोवती आचाऱ्याची पोरं जमली. मी फोन हिसकावून बंद केला. "तू चाख. तूच सांग."

प्रीतमने बोट ओलं केलं, मसाल्यात बुडवलं, जिभेवर ठेवलं. लहानपणापासून मी हे बघत आलेय. ह्या माणसाला एका बोटात कळायचं की धणे जास्त भाजले की मिरची जुनी आहे. तो थांबला. पुन्हा बोट बुडवलं. पुन्हा थांबला. मग माझ्याकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा पार उतरला.

"ताय, मना कळत नाय."

मला एवढा राग आला होता, पण ते ऐकलं आणि मी हिसकावलेला फोन परत त्याच्या खिशात ठेवला. मागून आई आली. तिने चिमूटभर तोंडात टाकला आणि बाजूला थुंकली. "करपलाय. फेक."

नावड्याचा अंकुरशेठ आमचा पक्का वैरी, त्याचा मसाला कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाला. तो गुपचूप घातला. गाव पोटभर जेवला आणि जाताना प्रत्येक जण माझ्या भावाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "गोजराचा मसाला तो गोजराचा मसाला!" प्रीतम मान खाली घालून हसत होता. रडला असता तर मला बरं वाटलं असतं.

लग्न उरकल्यावर ऋषी आला, झाल्या प्रकाराचा अभ्यास करून. पडद्यावर रंगीत गोल, बाण, आणि शेवटी मोठ्या अक्षरांत उपाय: रोजचं सामूहिक चव-सत्र.

"म्हंजे हंडी," प्रीतम म्हणाला.

"जनरली, तसं म्हणता येईल."

त्याच दुपारी कारखान्यात हंडी चढली. बोंबील होते. आईलाही बोलावलं. ऋषीला मधोमध बसवलं. प्रीतमने पहिला घास घेतला, चावला, आणि सवयीने ऋषीकडे बघितलं. ऋषीनेही सवयीने त्याच्याकडे बघितलं. "आपलं मत काय, सर?"

सगळ्यांचे हात ताटात थांबले. प्रीतमने दुसरा घास घेतला. कपाळावर घाम आला होता त्याच्या. मग त्याने घास गिळला.

"नाय," तो म्हणाला. जरा थांबून मोठ्याने म्हणाला, "नाय! नवीन भाजनी लावा."

भाजणीवाले पळाले. ऋषीने काहीतरी टिपून घेतलं. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि मी त्याचं खापर मिरचीवर फोडलं.

हात धुवायला नळावर गेलो तेव्हा आई हळूच म्हणाली, "मसाला चांगला व्हता गं. अगदी माझ्या हातचा."

"काय? मंग बोललीस का नाय?"

आईने पदराला हात पुसले. "किती दिसांनी पोरगा सोताच्या तोंडानी नाय बोलला. त्याला मी परत नाय बोलू?"

तो घाणा ती घरी घेऊन आली. अजून आम्ही तोच खातोय. प्रीतमला सांगितलेलं नाही.