पलंगाखालची बॅग

बाईंचं म्हणणं असं, की इंग्रजी व्याकरण जित्याजागत्या माणसाच्या लिहिण्यातून शिकवावं. पुस्तकातला मुलगा चेंडू खेळतो; खेळेना का, कुणाला पडलीय? विद्यापीठातली पोरं असल्या वाक्यांवर उघड्या डोळ्यांनी झोपत. मग बाईंनी औषधांच्या खोक्यातले कागद आणले, भाड्याचे करार आणले. तरी पोरांची मान वर होईना.

शेवटी त्यांनी धाकट्या बहिणीचे ईमेल आणले. धाकटी लग्न होऊन परदेशी गेलेली. इंग्रजी सुधारावं म्हणून बाईंनीच तिला इंग्रजीत लिहायला लावलं होतं, आणि ती भाबडी मोडक्यातोडक्या इंग्रजीत ताईपाशी मन मोकळं करायची. नवऱ्याचा अबोला, सासूचे टोमणे. आणि अलीकडे, बॅग भरून पलंगाखाली ठेवलीय, पण पाऊल उचलत नाही. बाईंनी नाव खोडलं आणि मजकूर पडद्यावर लावला. वर्ग खडबडून जागा झाला. भूतकाळ काय, जर-तर काय, पोरं भराभर शिकली. नवा मेल आला का, म्हणून बाईंच्या मागे लागायची. बाईंना आकाश ठेंगणं झालं.

तिकडच्या सुट्टीत धाकटी आली. आल्याआल्या म्हणाली, ताई, एकदा निवांत बसू, बोलायचंय. बाईंना तपासायचे पेपर होते. दुसऱ्या दिवशी ती ताईला न्यायला वर्गावरच गेली. बाईंनी कौतुकाने ओळख करून दिली, परदेशातली माझी बहीण म्हणून. पुढच्या बाकावरच्या मुलीने एकदम ओळखलं आणि अगदी मायेने विचारलं, "ती बॅग अजून पलंगाखालीच आहे का हो?"

धाकटी नुसती हसली. घरी आल्यावर चहाचे कप विसळताना, मान वर न करता म्हणाली, "ताई, मी ते तुला लिहिलं होतं."

नाव खोडलं होतं, पोरांचं भलं झालं, असं बाई बरंच काही बोलल्या. धाकटीने सगळं ऐकून घेतलं. निवांत बसणं मात्र राहूनच गेलं. घरची लक्तरं परक्याने वेशीवर टांगली असती तर भांडता तरी आलं असतं. इथे सख्ख्या बहिणीनेच टांगली होती.

हल्ली धाकटीचा मेल महिन्याला येतो. हवा छान, तब्येत छान, सगळं छान. एकही चूक नसते. बाई तो दोनदा वाचतात आणि उत्तर लिहायला बसतात. त्या मुलीने विचारलं तेच त्यांनाही विचारायचं असतं, पण विचारायला तोंड कुठे उरलंय?