माझं घर, वीस गुण

चंद्रहास सरांना न्यायाची भारी आवड होती, विशेषतः न्याय करायला त्यांनाच बसवलं असेल तर. आखाती देशातल्या, अल खौदच्या त्या भारतीय शाळेत अकरावी विज्ञानाच्या चाळीसच जागा, आणि त्या कुणाला द्यायच्या हे ठरवणाऱ्या समितीत ते पालकांचे प्रतिनिधी. एका तेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. मूळचे पुण्याचे, आणि ही गोष्ट समोरच्याला पहिल्या पाच मिनिटांत कळेल याची ते काळजी घेत.

गेल्या वर्षी चाळीसपैकी नऊ जागा रुसैलच्या औद्योगिक वसाहतीतून बसने येणाऱ्या मुलांनी पटकावल्या. बाप कारखान्यात नाहीतर गोदामात, घर म्हणजे कंपनीने दिलेल्या दोन खोल्या, आणि पोरं गणितात शंभरपैकी पंच्याण्णव. सरांच्या पोटात दुखू लागलं. तसं म्हणायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी ‘सर्वांगीण गुणवत्ता’ असा शब्द काढला.

“नुसती घोकंपट्टी म्हणजे मेरिट नव्हे ना, मॅडम,” बैठकीत ते समितीतल्या शिक्षिकेला, उत्तराला, म्हणाले होते. “फॅमिली बॅकग्राउंड पण दिसायला हवं. मी कुणाच्या अगेन्स्ट नाही हं. आमचा स्टोअरकीपर मुस्तफा, रत्नागिरीचा. काय सज्जन माणूस आहे! पण त्यांच्या घरी वातावरण वेगळं असतं.”

उत्तरा अकरा वर्षं तिथे गणित शिकवत होती. हा माणूस कुणाला बाहेर ठेवू पाहतोय हे न कळण्याइतकी ती भोळी नव्हती. पण तिचा नोकरीचा करार नव्याने व्हायचा होता, आणि मतदानाला तिने हात वर केला. त्या हाताची तिला पुढे कित्येक दिवस किळस येत होती.

अशा रीतीने दोनशे गुणांच्या परीक्षेला वीस गुणांचा लेख चिकटला. विषय ‘माझं घर’, भाषा मुलाची मातृभाषा. नाव, गाव, धर्म लिहायचा नाही, कागदावर फक्त क्रमांक. क्रमांकांची कल्पनाही सरांचीच. त्यांचा मुलगा आर्यन यंदा परीक्षेला बसणार होता, आणि तरीही मराठीचे कागद तपासायचे होते त्यांनाच. “नावच दिसत नाही म्हटल्यावर पक्षपात कसला?” असं विचारून त्यांनी सगळ्यांची तोंडं बंद केली. रुसैलची मुसलमान पोरं मातृभाषा म्हणून उर्दूच लिहिणार याची त्यांना खात्री होती. मराठी म्हणजे आपली मुलं. इतकी वर्षं मुस्तफा त्यांच्याशी मराठीतच बोलत आला होता, पण तेवढं कान देऊन ऐकायला ते कधी थांबले नव्हते.

परीक्षेनंतर एका आठवड्याने, सकाळी दहा वाजता, प्राचार्यांच्या खोलीत क्रमांकांचा लिफाफा फुटला. एकोणचाळीस नावं बिनबोभाट लागली. चाळिसाव्या जागेला दोन मुलं उरली, सत्तावीस आणि एकतीस. लेखी परीक्षेत सत्तावीस क्रमांक तीन गुणांनी पुढे होता, पण लेखात त्याला चार, आणि एकतीसला एकोणीस.

“एकतीस ना? तो लेख मला पाठ आहे,” सर खुर्चीत रेलून म्हणाले. “वाचा मॅडम, वाचा. असं घर असावं.”

उत्तराने वाचलं. ‘आमच्या घरात टेबल एकच. त्यावर जेवण होतं, इस्त्री होते, अभ्यासही होतो. ज्याची नड मोठी, त्याचं टेबल. माझ्या परीक्षेच्या दिवसांत अब्बा उभ्यानेच जेवतात आणि म्हणतात, बसून बसून कंटाळलो बाई.’

“बाबांना लाडाने अब्बा म्हणते,” सरांनी खुलासा केला. “हल्ली आपल्याकडेही म्हणतात. पण ती काटकसर बघा! जुनी पुणेरी शिस्त.” समासात त्यांनी लाल शाईने लिहिलं होतं, ‘घरंदाज, सुसंस्कृत कुटुंब.’

प्राचार्यांनी यादीवर बोट ठेवलं. “एकतीस. अल्फिया मुस्तफा. रुसैल.”

उत्तराला हसू आवरेना म्हणून तिने खाली मान घातली.

“इम्पॉसिबल,” सर म्हणाले. “कुणीतरी लिहून दिलं असणार.”

“लेख वर्गात बसून लिहिलाय सर. माझ्यासमोर,” उत्तरा म्हणाली.

“मग सत्तावीस कोण आहे?”

“आर्यन,” प्राचार्य म्हणाले. आडनाव सांगायची गरज नव्हती.

उत्तराने तोही कागद उचलला. वर मुलाचं वेडंवाकडं अक्षर होतं, आणि ते बापाला ओळखू आलं नव्हतं, कारण पोराचं मराठी अक्षर त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. ‘माझा घर मोठा आहे. आम्ही जास्त बोलत नाय. बाबा फोनवर असते. जेवताना पण.’ खाली सरांचा शेरा होता: ‘मुलाकडे कुणाचंही लक्ष नाही. वडील अशिक्षित असावेत. संस्कारांचा पूर्ण अभाव.’ आणि त्याखाली लफ्फेदार सही.

उत्तराने शेरा मोठ्याने वाचला. सहीसकट वाचला.

माणसाला लाज असती तर तो उठून गेला असता. सरांनी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, “बघा, मला आधीपासून वाटतच होतं. हा लेख सब्जेक्टिव आहे. असे गुण धरणं म्हणजे मेरिटवर अन्याय. खलास, लेख रद्द करू. ओन्ली लेखी परीक्षा.”

म्हणजे तीन गुणांनी आर्यन आत आणि अल्फिया बाहेर. बाहेरच्या बाकावर ती पोरगी बापाशेजारी बसली होती. मुस्तफाने अर्ध्या दिवसाची रजा काढली होती, आणि इथे नंबर लागला नाही तर तिला आजीकडे दापोलीला धाडायचं हे घरात ठरून गेलं होतं. उत्तराला ते ठाऊक होतं. या वेळी हात वर करायचा नाही, एवढं तिने ठरवलं.

“करू या ना रद्द,” ती म्हणाली. “फक्त कारण शाळेच्या संचालक बोर्डापुढे ठेवावं लागेल. हे दोन कागद जोडून, शेऱ्यांसकट. बोर्डाचे कागद कुठल्याही पालकाला मागता येतात.”

सरांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. पोराची जागा आणि स्वतःची अब्रू यांत त्यांनी निवड करायला किती वेळ घेतला, तर घड्याळाच्या काट्याला जेमतेम हलता आलं. “जाऊ द्या,” ते पुटपुटले. “द्या तिला. पण माझ्या मुलाचं काय?”

“एक्केचाळिसावी जागा आहे की,” उत्तरा म्हणाली. “घरी शिक्षणाला पोषक वातावरण नसलेल्या मुलासाठी.”

चाळीसच्या वरची ती राखीव जागा तीन वर्षं रिकामी होती. रुसैलच्या सात मुलांचे अर्ज सरांनीच गोड बोलून फेटाळले होते. यंदा कुणी अर्जाच्या वाटेला गेलंच नव्हतं.

“परीक्षकाचा लेखी शेरा लागतो, तो आहेच,” उत्तराने अर्ज पुढे सरकवला. “खाली पालकांनी सही करायची.”

हा माणूस सही करणार नाही, अशी तिची खात्री होती. थोडा तरी ताठा खरा असेल, असं तिला वाटलं होतं. सरांनी अर्ज वाचला. ‘माझ्या घराबद्दलचा परीक्षकाचा शेरा मला मान्य आहे.’ मग दुसऱ्यांदा वाचला.

“हे बोर्डाकडे जात नाही ना?”

“नाही सर. हे फक्त मुलाच्या फाइलला लागतं. शाळा सोडेपर्यंत.”

सरांनी पेन काढलं. तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला, “हां, बोला, बोला, फ्री आहे मी,” म्हणाले, आणि बोलता बोलताच सही केली.