पालथी फुले

घरगाडीतला कुबट गालिचा निघेपर्यंत आत पाऊल ठेवणार नाही, असे बायकोने बजावले होते आणि सहल उद्यावर आली होती. म्हणून निवृत्त भूमिती-शिक्षकाने गालिचा उपटून अंगणात पसरला आणि त्याच्या मापाने जमिनीवर अंथरायचे फुलाफुलांचे व्हिनाइल मोठ्या तोऱ्यात कापले. आत अंथरले, तर शेगडीसाठी कापलेली खाच पलंगाकडे! माप घेताना गालिचा पालथा पडला होता.

"अहो, तीस वर्षं भूमितीच शिकवलीत ना?" दारातून ती म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. "आता तू काही येत नाहीस."

"उलटं घाला की!"

उलटताच खाच मुकाट्याने जागेवर बसली. फुले मात्र तोंड खाली करून निजली. वर नुसती करडी पाठ.

"फुलं गेली गं."

"रस्ता बघेल त्यांना," म्हणत तिने चपला बाहेर काढल्या आणि आत पाऊल ठेवले.